भावजींचं दरसालचं मत

माझ्या दिराचं नाव भगवंत जगदाळे. देवासात कोणालाही विचारा, माणूस आधी हसेल आणि मग आमच्या घराचा रस्ता दाखवेल. "वो फेटेवाले काका ना, बास्केटबॉल वाले?" लोक का हसतात आणि त्यात माझ्या पोटच्या पोराचा हात किती, ते मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर वर तिखटमीठ लावून सांगेल. मी कमल, त्यांची वहिनी. तोंडाची फटकळ आहे, कुक्षीला माहेरी होते तेव्हापासून आहे, आणि आता या वयात ते काही सुधारायचं नाही.

आमच्या देवासात पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक आणि राजे दोन. आमचे आजेसासरे थोरल्या पातीकडे चोपदार होते, म्हणजे दरबारात काठी घेऊन पुढे उभे राहायचे, कोण आलं कोण गेलं ते पुकारायचे. दसऱ्याच्या दरबारात रयतेतला कोणीही माणूस उभा राहून मालकांना आपलं म्हणणं सांगू शकायचा, असं आमच्या घरात सांगतात. खरं खोटं त्या गादीलाच ठाऊक. पण त्याची रीत होती म्हणे. स्वच्छ कपडे घालायचे, डोक्याला काहीतरी बांधायचं, हात जोडायचे आणि जे खटकतं ते तोंडावर बोलायचं. मग पुढच्या दसऱ्याला मालकांना विचारता यायचं, आमच्या म्हणण्याचं काय झालं. राज्यं जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या भावजींच्या डोक्यातून ही रीत काही गेली नाही.

तरुणपणी भावजी बास्केटबॉल खेळायचे. उंच, सडसडीत, आणि उडी अशी की बघणारा मान वर करूनच बघायचा. देशाच्या टीमसाठी निवड व्हायची होती, त्याच्या आधीच्या एका मॅचमध्ये उडी मारली आणि खाली येताना पाय ताठ राहिला. गुडघा गेला तो गेलाच. नंतर चामड्याच्या एका कारखान्यात नोकरी केली, ती सुटल्यावर देवीच्या टेकडीच्या खालच्या एका खाजगी शाळेत मुलींना खेळ शिकवायला लागले. लग्न केलं नाही. माझे मालक, चिंतामणी, वारले तेव्हा माझा मयुरेश पहिलीत होता. त्याला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणं, ताप आला की डॉक्टरकडे पळणं, पालकसभेला जाऊन बसणं, सगळं भावजींनी केलं. मला एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही.

शिकवायची त्यांची पद्धत जगावेगळी. नवीन मुलगी आली की पहिला महिना तिच्या हातात बॉलच द्यायचे नाहीत. नुसती उडी मारायची आणि खाली यायचं. गुडघे वाकवून, पावलं सोडवून, आवाज न करता. मुलींच्या आया येऊन तक्रार करायच्या, "सर, हमारी लडकी को गेंद तो दो." भावजी म्हणायचे, "वर जाणं कोणालाही येतं बाई, खाली येणं शिकवायला लागतं." त्यांच्या हाताखालच्या एकाही मुलीचा गुडघा कधी गेला नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. बाकी त्यांच्याजवळ अभिमान करण्यासारखं होतं तरी काय? तो सिमेंटचा कोर्ट आणि त्या मुली, एवढंच त्यांचं जग होतं.

त्या मुलींमध्ये रुची नावाची एक. मालवी बोलणाऱ्या घरातली, बाप ट्रान्सपोर्टवाला. पोरगी विजेसारखी चपळ. भावजींशी मुद्दाम मोडकीतोडकी मराठी बोलायची. "सर, मी आज पडली नाही, बघितला ना तुम्ही?" असं. घरी यायची, माझ्या हातचे साबुदाण्याचे वडे खायची, जाताना आम्हा दोघांच्या पाया पडायची. भावजी म्हणायचे, "वहिनी, ही पोरगी देशाकडून खेळेल. मला नाही जमलं, हिला जमेल." मी म्हणायचे, "जमेल हो, पण आधी तिला वडे तर खाऊ द्या."

आता माझ्या लेकाबद्दल. मयुरेशने कॉलेज कसंबसं संपवलं आणि घरात बसून गेम खेळायला लागला. नुसता खेळायचा असं नाही, खेळून त्यावर बोलायचा आणि ते नेटवर टाकायचा. त्याचा आपला एक चॅनेल होता, तो कुत्रंही बघत नव्हतं. बास्केटबॉलचा एक गेम दरवर्षी सप्टेंबरात नवा येतो म्हणे. नाव तेच, फक्त पुढचा आकडा बदलतो. तो आला की जगभरचे खेळणारे त्याच्यावर तुटून पडतात. मयुरेश ती मतं मोबाईलवर मोठ्याने वाचायचा. कोणी लिहायचं, मागच्या वर्षीचाच गेम नवीन डब्यात घालून दिला. कोणी म्हणायचं, जुना बंद करून टाकतात म्हणून नवा घ्यावाच लागतो. कोणी नुसत्या आईबहिणीवरून शिव्या द्यायचं. आणि तेच लोक पुढच्या सप्टेंबरात परत तोच गेम घ्यायला रांगेत. मला तर त्यांची अक्कल गहाण पडल्यासारखी वाटायची.

भावजी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायचे. एकदा म्हणाले, "मयुरेश, ही मतं कोण वाचतं?"

"कंपनीवाले वाचतात ना काका. फीडबॅक म्हणतात त्याला."

"मग हे लोक असे बसून, शिव्या देऊन का सांगतात? म्हणून तर कोणी ऐकत नाही. नीट उभं राहून सांगितलं पाहिजे."

मयुरेश हसला. पण त्याच्या डोक्यात किडा वळवळला असणार. म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. मी रेकॉर्ड करतो आणि पाठवतो."

भावजी म्हणाले, दसऱ्याला सांगेन. तोवर ते रोज मयुरेशच्या मागे उभे राहून गेम बघायचे. खंडेनवमीला आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या काठीची पूजा होते, तिच्या शेजारी भावजी आपला बॉलही ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. त्या वर्षी दसऱ्याला पूजा उतरल्यावर त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सासऱ्यांचा फेटा बांधला, आणि टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले. टीव्हीवर गेमचे खेळाडू थांबवून ठेवलेले. आणि भावजींनी आमच्या घरातल्या जुन्या मराठीत सुरुवात केली, जी आता लग्नमुंजीतच ऐकू येते.

"मालक, आपला खेळ पाहिला. खेळ उत्तम आहे. परंतु आपले खेळाडू दमत नाहीत, हे बरोबर नाही. मनुष्य पळाला की त्यास दम लागतो. आमच्या मुली हे पाहून विचारतात, सर, मग आम्हीच का दमतो? त्यांस काय उत्तर द्यावे, ते आपणच सांगावे."

मला हसू आलं, नाही म्हणत नाही. पण मग डोळ्यात पाणीही आलं. इतक्या मनापासून कोण कोणाला काय सांगतं हल्ली? मयुरेशने ते रेकॉर्ड केलं, काकांना परत लावून दाखवलं, काका खूश झाले. नंतर त्याने ते कंपनीला पाठवलं असं सांगितलं. आमचा दोघांचा विश्वास बसला. घरचाच पोरगा, त्याच्यावर अविश्वास कशाला ठेवायचा?

पुढच्या सप्टेंबरात नवा गेम आला. मयुरेश खेळत होता आणि मागून भावजी एकदम खाली बसले. पडद्यावरचा एक खेळाडू शेवटी शेवटी कमरेत वाकून, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. "वहिनी, इकडे या. दमला बघा. मालकांनी ऐकलं." त्या दिवशी ते गुडघ्याचं दुखणं विसरून टेकडी चढले, तुळजाभवानीला आणि चामुंडामातेला दोघींना पेढे ठेवले, उरलेले कोर्टवर वाटले. मुलींना सांगितलं, अरे आपलं म्हणणं तिथवर पोचलं. मयुरेशला तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. त्याने पेढा खाल्ला.

त्या सुमारास बाजारात लोक भावजींना ओळखायला लागले. पोहेवाला म्हणायचा, "आओ भिया, क्या बोलते हो इस साल के गेम को?" कॉलेजची पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढायची आणि फोटो काढता काढता एकमेकांना कोपरखळ्या मारायची. मला ते खटकायचं. मयुरेशला विचारलं तर म्हणाला, "आई, काका फेमस झालेत, लोक प्यार करतात त्यांना." माझ्याकडे बटनांचा फोन. मी काय बघणार? भावजींकडे तर तोही नव्हता.

तिसऱ्या दसऱ्याला भावजी मुलींच्या टीमबद्दल बोलले. त्या गेममध्ये आता बायकांच्या टीमही आहेत. भावजी म्हणाले, "मालक, पहिल्या सालची विनंती आपण मान्य केली, आभारी आहे. या सालची विनंती मुलींविषयी. आपल्या मुली उडी मारून खाली येतात तेव्हा त्यांचा गुडघा वाकत नाही. लहान मुली हे पाहून तसेच करतील आणि त्यांचा पाय जाईल. माझा गेला आहे. आमची रुची कशी उतरते ते पाहावे, तशी आपली मुलगी उतरवावी." बोलताना त्यांचा आवाज भरून आला. मी चहा ठेवायला आत गेले, कारण मलाही पुढचं ऐकवेना.

नवरात्र होऊन थोडे दिवस झाले असतील. भावजी कोर्टवर गेले होते. रुचीची आई दारात आली. नेहमी ताई ताई करणारी बाई, त्या दिवशी चप्पलही काढली नाही. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "देखो, आपके देवरजी क्या बोलते हैं हमारी बच्ची के बारे में."

मोबाईलवर भावजी होते. तोच फेटा, तेच जोडलेले हात. पण मागे ढोलाचं गाणं इतकं जोरात लावलेलं की त्यांचं बोलणं ऐकूच येईना. आणि खाली हिंदीत ओळी येत होत्या, भावजी जणू तेच बोलतायत अशा. त्या ओळी मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. पोरींच्या अंगाबद्दल होतं, आणि त्यात रुचीचं नाव होतं, एवढं पुरे. भावजींचा भरून आलेला गळा, ओले झालेले डोळे, आणि त्याच्याखाली ती घाण. रुचीच्या आईला मी सांगायला गेले की बाई, ते असं बोलले नाहीत, ते गुडघ्याबद्दल बोलत होते. ती म्हणाली, "हिंदी में लिखा है, मुझे पढना आता है." आणि गेली.

मयुरेश आतल्या खोलीत होता. मी त्याच्या कानातलं ते यंत्र उपटलं.

"हे कोणी लिहिलं?"

तो म्हणाला, "आई, तो मजाक आहे. सगळ्यांना माहीत असतं की ते खोटं लिहिलेलं आहे. काकांचं खरं बोलणं कोणी बघत नव्हतं. मराठी कोणाला समजते? मी खाली जोक लिहिले तर लोक बघायला लागले."

"पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्या वर्षी तर चांगलेच जोक होते."

"आणि कंपनीला पाठवलं होतंस ते?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच खुळी. "कोणती कंपनी आई? तिथे कोण बसलंय काकांचं ऐकायला?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण दुसऱ्या लोकांनी तो आधीच आपापल्याकडे उतरवून घेतला होता, तो काही परत येत नव्हता. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर शाळेत यायचं आणि सांगायचं की हे मी लिहिलं. तो हो म्हणाला. पाया पडला, रडला, शपथ घेतली.

संध्याकाळी भावजी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. कोर्टवर एकही मुलगी आली नव्हती आणि शाळेने सकाळी बोलावलं होतं. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाच सांगावं लागलं. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी मयुरेशचा फोन मागून घेतला, लोकांनी उतरवून घेतलेला तो व्हिडिओ त्यात लावायला सांगितला, चष्मा लावला आणि ती ओळ न् ओळ वाचली. मला वाटलं ओरडतील, निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी फोन खाली ठेवला.

"मागच्या दोन सालांचं पण असंच?"

"हो."

"म्हणजे ते मालकांकडे गेलंच नाही."

"कुठले मालक भावजी?"

त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पण मग तो खेळाडू दमला होता तो?"

"दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. नाहीतर त्यांचं त्यांनाच सुचलं असेल."

"हां. तसंही असेल," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. लेकाला जन्म दिल्याची लाज वाटायची वेळ माझ्यावर कधी आली असेल तर ती त्या दिवशी.

सकाळी मयुरेशचं अंथरूण रिकामं. शेजारच्या गोलूकडे निरोप ठेवला होता की इंदूरला इंटरव्ह्यू आहे, पहिल्या बसने जातो. इंटरव्ह्यू कसला आणि काय कसला, शेपूट घातली. मी भावजींना म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. ते नको म्हणाले. मी पदर खोचला आणि निघाले.

शाळेच्या ऑफिसात प्राचार्या मॅडम होत्या, रुचीचे आईवडील होते, आणि समितीवरचे नारायणराव होते. नारायणराव आमच्यातलेच, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय. मला धीर आला. मी म्हटलं, "नारायणराव, तुम्हाला मराठी येते. तुम्ही ऐका आणि यांना सांगा भावजी काय बोललेत ते." नारायणरावांनी मोबाईल कानाला लावला, परत लावला, आणि म्हणाले, "गाण्याचा आवाज फार आहे हो. आणि हे जुन्या धाटणीचं बोलणं. मी काही छातीठोक सांगू शकत नाही." सांगू शकत होते. रुचीच्या बापाचे ट्रक त्यांचाच माल नेतात, म्हणून मूग गिळून बसले.

मॅडम बाई सरळ होत्या. त्यांनी भावजींना खुर्ची दिली आणि हिंदीत स्पष्ट सांगितलं. हे तुम्ही बोलला असाल तर इथे माफी मागा, उद्यापासून येऊ नका, मुलींच्या नावासाठी आम्ही ही गोष्ट इथेच संपवू. आणि हे तुम्ही बोललाच नसाल, दुसऱ्या कोणी अल्पवयीन मुलीचं नाव घालून असलं लिहिलं असेल, तर तो गुन्हा आहे. मी आत्ता ठाण्यात फोन करते, ज्याने लिहिलं तो आत जाईल. "बताइये, किसने लिखा?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी भावजी उठून उभे राहिले होते. हात जोडलेले.

"कोई नहीं, मैडम. मैं ही बोला. गलती हो गई."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी म्हटलं, "खोटं आहे. झूठ बोलते हैं ये. माझ्या पोराने लिहिलंय, मयुरेशने. मी त्याची आई सांगतेय. त्याला पकडा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी भावजींना विचारलं, "ये सच है?" भावजी माझ्याकडे बघून हसले. ते असं हसलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "हमारी भाभी हैं. मला वाचवायला स्वतःच्या लेकाचं नाव घेतायत. इतना मानती हैं मुझको. इनका बुरा मत मानिए." आणि मॅडमना ते पटलं. कोणाला नाही पटणार? आई आपल्या पोराला खरोखर पोलिसात देईल, यावर विश्वास कोण ठेवतो? रुचीची आई तर मला म्हणाली, "ऐसे आदमी के लिए आप अपने बेटे को फँसा रही हो?" तिच्या नजरेतून मी पण उतरले.

त्यांनी माफी मागितली, रुचीच्या बापाने तोंड फिरवलं, आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यात मी त्यांना काय काय बोलले ते आठवलं तरी मला घाम येतो. भर रस्त्यात. टेकडीचे यात्रेकरू थांबून बघत होते. "चारचौघांत मला खोटी पाडलीत. त्या नालायकाला पाठीशी घातलंत. उद्या तो आणखी काय करेल?" भावजी हळूहळू चालत होते, गुडघा दुखत असणार.

"वहिनी, पोरगा आत गेला असता."

"जायलाच हवा होता."

"आत गेलेला पोरगा बाहेर येतो तेव्हा कसा येतो, ते कारखान्यातल्या एकाच्या घरी पाहिलंय मी. माझं काय, माझा खेळ संपत आलाच होता."

"आणि तुमच्या त्या मुली?"



मयुरेश दोन दिवसांनी आला. त्याला सगळं कळलं होतं. काकांच्या पायावर डोकं ठेवून रडला, चॅनेल बंद करतो म्हणाला, आणि खरोखर बंदही केला. भावजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्याला ताट वाढलं, कारण वाढावं लागतं, पण त्याच्याशी बोलले नाही. त्याचं मात्र हळूहळू सुरळीत झालं. जेवायला लागला, गाणी ऐकायला लागला. भावजी सकाळी उठून तयार व्हायचे आणि मग कुठे जायचं नाही हे आठवलं की ओट्यावर बसून राहायचे. पोरं जाता येता हसायची. आता नुसती हसायची नाहीत, काहीतरी घाणेरडं पण बोलायची. रस्त्यात शाळेची मुलगी दिसली की भावजी स्वतःच पलीकडच्या बाजूला जायचे, तिला जायला लागू नये म्हणून.

आणि एके दिवशी दुपारी रुची आली. युनिफॉर्ममध्येच होती, शाळेतून परस्पर. घरी सांगितलं नव्हतं. दारात बूट काढले, आत आली आणि भावजींसमोर उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मयुरेश आतल्या खोलीत, पडद्यामागे.

"सर, नवीन सर आले आहेत. ते पहिल्या दिवशीच बॉल देतात," ती तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली. "छोट्या मुली धडाधड पडतात. मी त्यांना खाली उतरायला शिकवते. पण सर ओरडतात."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"सर, मी मम्मीला सांगितला, सर असा बोलूच शकत नाही. मी तो व्हिडिओ खूप वेळा बघितला. तुमचे ओठ बघितले. तुम्ही 'गुडघा' बोलता. मला दिसते. तो खाली लिहिलेला झूठ आहे. तुम्ही फक्त मला नाही म्हणा. एकदा. मग मी सगळ्यांना सांगेन, मी मॅडमकडे जाईन, मी कोणाला घाबरत नाही."

आख्ख्या देवासात एका पोरीने त्यांचं बोलणं खरोखर ऐकलं होतं. बाकी मालकांनी, कंपनीने, नारायणरावांनी, कोणी कोणी ऐकलं नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "मयुरेश, बाहेर ये." पडदा हलला नाही. मी परत म्हटलं. मी पुढे होऊन पोरीला सांगणार होते, पण भावजींनी माझ्याकडे हात केला, थांबा म्हणून, आणि खुर्चीवरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"बोललो, बेटा. ते मीच बोललो. तू आता घरी जा, आणि इकडे येऊ नकोस."

ती सवयीने पाया पडायला वाकली, अर्ध्यात थांबली, आणि सरळ झाली. दारात जाऊन बूट घातले. नाडी बांधायला तिला खूप वेळ लागला. "खोटं बोलतायत ते, पोरी," मी म्हटलं, तर तिच्या आईने ऑफिसात बघितलं होतं तसंच तिने माझ्याकडे बघितलं. आणि ती गेली.

मला तेव्हा दोघांचाही राग आला. ज्याने केलं त्याचा आणि ज्याने सोसलं त्याचा, सारखाच. अजूनही येतो. असला चांगुलपणा मी नाही मानत. त्यात त्या पोरीचं काय गेलं, ते कोणी भरून देणार नाही.

पडद्यामागून मयुरेशचा आवाज आला.

"गेली का ती?"

"गेली रे," भावजी म्हणाले. "ये बाहेर, जेवून घे."